जुन्या चित्रपट कॅमेऱ्यांच्या मोटरी व सुटे भाग

जुन्या चित्रपट कॅमेऱ्यांसाठी मोटरी व सुटे भाग नव्याने घडवणे ही चित्रपटतंत्र, यंत्र अभियांत्रिकी आणि इलेक्ट्रॉनिक्स या तिन्हींचा आधार घेणारी एक कारागिरी आहे. उत्पादन थांबलेल्या आणि उत्पादकाकडून सुटे भाग मिळेनासे झालेल्या कॅमेऱ्यांना पुन्हा चालते करणे, हा तिचा मुख्य हेतू असतो. फिल्म पुढे सरकवणारी कॅमेऱ्यातील यंत्रणा योग्य निगा राखल्यास अनेक दशके टिकते. त्या मानाने मोटर, वेगनियंत्रक, विजेच्या जोडण्या, रबरी पट्टे आणि वंगण यांचे आयुष्य कमी असते. त्यामुळे यंत्रणा उत्तम स्थितीत असूनही केवळ मोटरअभावी कॅमेरा निकामी ठरतो. आरी, पॅनाव्हिजन आणि आतोन या प्रमुख उत्पादकांनी २०११ पर्यंत फिल्मवर चालणाऱ्या नव्या कॅमेऱ्यांचे उत्पादन थांबवले. त्यानंतर फिल्मवरील चित्रीकरण प्रामुख्याने जुन्या कॅमेऱ्यांवर, म्हणजेच त्यांची दुरुस्ती व रूपांतर करणाऱ्या कार्यशाळांवर अवलंबून राहिले आहे.

## कॅमेऱ्यातील मोटरचे कार्य

चित्रपट कॅमेऱ्यात फिल्म सलग वाहत नाही. ती थांबत थांबत पुढे सरकते. शटर बंद असताना क्लॉ नावाचा आकडा फिल्मच्या कडेच्या छिद्रांत शिरून तिला एका फ्रेमइतके खाली खेचतो. त्यानंतर फिल्म स्थिर होते, शटर उघडते आणि प्रतिमा उमटते. काही कॅमेऱ्यांत या क्षणी छिद्रांत बारीक खुंट्या शिरून फिल्म अचूक जागी धरून ठेवतात. त्याच वेळी दात असलेली चाके मात्र सलग फिरत राहून फिल्मच्या गुंडाळीतून फिल्म सोडतात व उमटलेली फिल्म दुसऱ्या बाजूला पाठवतात. सलग व खंडित अशा या दोन गतींचा मेळ फिल्मच्या सैल वळशांमुळे साधतो.

३५ मिलिमीटर फिल्मच्या नेहमीच्या चार छिद्रांच्या पद्धतीत एका फ्रेमसाठी फिल्म सुमारे १९ मिलिमीटर सरकते. सेकंदाला २४ फ्रेम या वेगाने आणि १८० अंशांच्या शटरने चित्रीकरण करताना हे अंतर सेकंदाच्या ४८व्या भागात कापावे लागते आणि तेवढ्याच पुढच्या कालावधीत फिल्म पूर्ण स्थिर राहावी लागते. प्रत्येक फ्रेमगणिक मोटरवरील भार असा वाढतो व कमी होतो. या चढउतारातही वेग सम राखणे हे चांगल्या मोटरचे पहिले लक्षण होय. वेग बदलला की प्रत्येक फ्रेमला प्रकाश मिळण्याचा कालावधीही बदलतो आणि पडद्यावर चित्र लुकलुकताना दिसते. ध्वनीसह चित्रीकरण असेल, तर ओठांची हालचाल व आवाज यांचा मेळ तुटतो.

## इतिहास

### हँडल व स्प्रिंग

थॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेला कायनेटोग्राफ हा कॅमेरा विजेच्या मोटरवर चालत असे. परंतु तो अवजड होता. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंचा १८९५ मधील सिनेमॅटोग्राफ हाताच्या हँडलने चालणारा व सहज उचलून नेता येण्याजोगा होता. पुढील सुमारे तीन दशके हँडलचीच पद्धत रूढ राहिली. अनेक कॅमेऱ्यांत हँडलच्या एका फेऱ्यात ८ फ्रेम उमटत. त्यामुळे सेकंदाला दोन फेरे दिले की सेकंदाला १६ फ्रेम हा वेग साधला जाई. हा वेग कॅमेरामनच्या मनगटाच्या सवयीवर अवलंबून असे.

त्यानंतर चावीच्या घड्याळाप्रमाणे स्प्रिंगवर चालणारे कॅमेरे आले. बेल अँड हॉवेल कंपनीचा १६ मिलिमीटरचा फिल्मो ७० (१९२३), त्याच कंपनीचा ३५ मिलिमीटरचा आयमो आणि स्वित्झर्लंडच्या पैयार कंपनीचा बोलेक्स एच १६ (१९३५) हे त्यांतील प्रसिद्ध कॅमेरे होत. बोलेक्सला पूर्ण चावी दिल्यास सेकंदाला २४ फ्रेम या वेगाने सुमारे अर्धा मिनिट चित्रीकरण होते. विजेची गरज नसल्याने युद्धवार्तांकन व भ्रमंतीसाठी असे कॅमेरे सोयीचे ठरले. मात्र दीर्घ संवादाच्या चित्रीकरणास ते अपुरे पडत.

### बोलपट व समकालिक मोटर

१९२०च्या दशकाच्या अखेरीस बोलपटांबरोबर सेकंदाला २४ फ्रेम हा वेग प्रमाण ठरला आणि कॅमेरा व ध्वनिमुद्रणयंत्र एकाच गतीने चालणे अनिवार्य झाले. त्यासाठी समकालिक मोटर वापरात आली. या मोटरचा वेग वीजप्रवाहाच्या वारंवारतेशी बांधलेला असतो. कॅमेरा व ध्वनियंत्र एकाच वीजपुरवठ्यावर चालवले की दोघांचा मेळ आपोआप राखला जाई. चार ध्रुवांची समकालिक मोटर ६० हर्ट्झच्या पुरवठ्यावर मिनिटाला १,८०० फेरे घेते, तर भारत व युरोपात वापरल्या जाणाऱ्या ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर १,५०० फेरे घेते. एका फेऱ्याला एक फ्रेम सरकत असेल, तर २४ फ्रेमसाठी मिनिटाला १,४४० फेरे लागतात. त्यामुळे ६० हर्ट्झसाठी तयार केलेली मोटर ५० हर्ट्झच्या देशात नेल्यास वेग चुकतो व गिअर बदलावे लागतात. १,५०० फेऱ्यांवरून १,४४० फेरे मिळवण्यासाठी मोटरकडील गिअरला २४ व कॅमेऱ्याकडील गिअरला २५ दात असणे पुरेसे असते.

### बॅटरी व स्फटिक

म्युनिक येथील आरी कंपनीने १९३७ मध्ये आरीफ्लेक्स ३५ हा फिरत्या आरशाच्या शटरचा कॅमेरा सादर केला. त्याची बॅटरीवर चालणारी मोटर कॅमेरा धरण्याच्या मुठीतच बसवलेली होती. या मोटरीचा वेग साध्या नियंत्रकाने किंवा विरोधक फिरवून राखला जाई. तो ध्वनीच्या मेळाइतका अचूक नसे. हा मेळ साधण्यासाठी कॅमेऱ्याच्या गतीचा विद्युतसंकेत केबलद्वारे ध्वनिमुद्रणयंत्राकडे पाठवून तो आवाजाबरोबर नोंदवण्याची पद्धत रूढ झाली. १९६०च्या दशकात क्वार्ट्झ स्फटिकावर आधारलेले वेगनियंत्रण आल्यावर ही केबलही नाहीशी झाली. कॅमेरा व ध्वनियंत्र आपापल्या स्फटिकाच्या आधारे स्वतंत्रपणे अचूक चालू लागले. पूर्वी बनलेल्या कॅमेऱ्यांना अशा स्फटिकनियंत्रित मोटरी बसवून देण्याचा व्यवसाय याच सुमारास उभा राहिला. अमेरिकेतील एड डिज्युलिओ यांची सिनेमा प्रॉडक्ट्स ही संस्था या क्षेत्रात विशेष प्रसिद्ध होती.

## नवी मोटर घडवण्याची कारणे

जुन्या मोटरीतील कार्बनचे ब्रश झिजतात, बेअरिंगमधील ग्रीस घट्ट होते, तारांवरील आवरण ठिसूळ बनते आणि नियंत्रक परिपथातील धारित्रे निकामी होतात. मूळ मोटर चालू असली तरी तिला लागणारा विद्युतदाब आज गैरसोयीचा ठरतो. आरीफ्लेक्स १६ एस हा कॅमेरा ८ व्होल्टवर, तर आरीफ्लेक्स ३५ च्या अनेक मोटरी १६ व्होल्टवर चालत. आजच्या चित्रीकरणात मात्र १२ व १४.४ व्होल्टच्या बॅटऱ्या सर्वत्र वापरल्या जातात. शिवाय जुन्या मोटरी दूरचित्रवाणीसाठीचा २५ फ्रेमचा वेग, अमेरिकी दूरचित्रवाणीशी जुळणारा २३.९७६ फ्रेमचा वेग किंवा मंदगती चित्रीकरणाचे वेग अचूक देऊ शकत नाहीत. आवाज हेही एक कारण आहे. मूक चित्रीकरणासाठी बनलेल्या मोटरची घरघर संवादाच्या ध्वनिमुद्रणात उतरते.

## रचना

### मोटरची निवड

नव्या रूपांतरांत साधारणपणे तीन प्रकारच्या मोटरी आढळतात. ब्रश असलेली एकदिश प्रवाहाची मोटर स्वस्त व नियंत्रणास सोपी असते. ब्रशविरहित मोटर अधिक टिकाऊ व कार्यक्षम असते. मात्र तिला स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक चालक लागतो. स्टेपर मोटर ठरावीक अंशांच्या पावलांनी फिरते. त्यामुळे एकेक फ्रेमच्या चित्रीकरणास ती योग्य ठरते, परंतु वेग वाढेल तसा तिचा टॉर्क घटतो आणि ती आवाजही करते.

मोटर निवडण्यापूर्वी कॅमेरा फिरवण्यास लागणारा टॉर्क मोजला जातो. हे मापन फिल्म भरलेली असताना करणे आवश्यक असते, कारण फिल्मची गुंडाळी ओढण्याचा व गुंडाळण्याचा भार रिकाम्या कॅमेऱ्यात जाणवत नाही. थंडीत ग्रीस घट्ट झाल्यावरही मोटर चालू व्हावी, म्हणून मोजलेल्या भारापेक्षा बरीच अधिक क्षमता ठेवली जाते.

### वेगनियंत्रण

स्फटिकनियंत्रित मोटरच्या दांड्यावर एन्कोडर बसवलेला असतो. तो प्रत्येक फेऱ्यात ठरावीक संख्येचे विद्युतस्पंद देतो. उदाहरणार्थ, एका फेऱ्यात १०० स्पंद देणारा एन्कोडर सेकंदाला २४ फेऱ्यांवर २,४०० स्पंद देतो. दुसरीकडे २.४५७६ मेगाहर्ट्झच्या स्फटिकाच्या वारंवारतेला १,०२४ ने भागल्यास नेमके २,४०० हर्ट्झ मिळतात. या दोन संकेतांची तुलना फेज-लॉक्ड लूप हा परिपथ करतो. एन्कोडरचा संकेत मागे पडू लागला की मोटरला अधिक वीज दिली जाते व तो पुढे गेला की कमी. या पद्धतीत केवळ सरासरी वेगच नव्हे, तर प्रत्येक स्पंदाची वेळही जुळवली जाते. त्यामुळे चूक साचत जात नाही. अलीकडील रूपांतरांत हेच काम सूक्ष्मनियंत्रकातील आज्ञावली करते.

या अचूकतेचे महत्त्व साध्या गणिताने स्पष्ट होते. स्फटिकाची चूक दशलक्षात १० भाग असेल, तर १० मिनिटांच्या सलग चित्रीकरणात ६ मिलिसेकंदांचा फरक पडतो. एक फ्रेम सुमारे ४२ मिलिसेकंदांची असल्याने तो जाणवत नाही. वेगातील चूक एक दशांश टक्का असेल, तर तेवढ्याच वेळात फरक १४ फ्रेमपेक्षा अधिक होतो आणि आवाज ओठांपासून स्पष्टपणे तुटतो.

विजेच्या दिव्यांखालील चित्रीकरणातही अचूक वेग लागतो. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर काही दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. सेकंदाला २५ फ्रेम व १८० अंशांचे शटर किंवा २४ फ्रेम व १७२.८ अंशांचे शटर असेल, तर प्रत्येक फ्रेमला सेकंदाच्या ५०व्या भागाइतका, म्हणजे प्रकाशाच्या पूर्ण दोन आवर्तनांइतका वेळ मिळतो आणि चित्र लुकलुकत नाही.

### जोडणी

मोटर व कॅमेरा यांना जोडणारा भाग बहुधा प्रत्येक प्रतिमानासाठी वेगळा घडवावा लागतो. लेथ व मिलिंग यंत्रावर ॲल्युमिनियमचे आवरण व पोलादी दांडा तयार केला जातो. दोन्ही दांडे एका रेषेत नसल्यास बेअरिंगवर बाजूचा दाब येतो, आवाज वाढतो आणि काही काळाने कॅमेऱ्याचे मूळ बेअरिंग झिजते. हा दोष कमी करण्यासाठी किंचित लवचीक कपलिंग किंवा दातेरी पट्टा वापरतात. पट्ट्यामुळे मोटर कॅमेऱ्याच्या बाजूला नेता येते. मुठीत मोटर असलेले आरीफ्लेक्स सपाट तळाचे करण्यासाठी ही युक्ती वापरली गेली.

### सुरक्षा

मोटर एकदम पूर्ण वेगाने सुरू झाल्यास फिल्मची छिद्रे फाटू शकतात. म्हणून वेग क्रमाने वाढवला जातो. फिल्म अडकून आत चुरगळू लागल्यास मोटर तत्काळ बंद करणारा स्विच अनेक कॅमेऱ्यांत असतो आणि नव्या नियंत्रकाने त्याचा संकेत पाळणे आवश्यक असते. बॅटरीच्या प्लगमधील धन व ऋण टोकांचा क्रम उत्पादकागणिक वेगळा असल्याने उलट जोडणीपासून संरक्षण ठेवतात. चित्रीकरण थांबताना आरसा नेत्रदर्शकाकडे प्रकाश पाठवणाऱ्या स्थितीत थांबावा, हीही आरशाच्या शटरच्या कॅमेऱ्यांत एक अपेक्षा असते.

## एकेक फ्रेमचे चित्रीकरण

ॲनिमेशन व कालसंकोची चित्रीकरणात मोटरने एका आज्ञेला एकच फ्रेम सरकवून शटर बंद स्थितीत थांबणे आवश्यक असते. शटर किंचित उघडे राहिल्यास दोन फ्रेममधील दीर्घ काळात फिल्मवर प्रकाश गळतो. प्रत्येक फ्रेमला मिळणारा प्रकाशही समान असावा लागतो. कॅमेऱ्याची यंत्रणा थांबलेल्या स्थितीतून वेग घेत असल्याने हे अवघड असते. एका फेऱ्यास एक फ्रेम सरकवणारा दांडा अनेक बोलेक्स कॅमेऱ्यांत असल्याने त्यांना अशी मोटर जोडणे तुलनेने सोपे जाते.

## इतर सुटे भाग

मोटरखेरीज गिअर, पट्टे, रबरी रूळ, फिल्म दाबून धरणाऱ्या पट्ट्या, नेत्रदर्शकाचे भाग आणि भिंग बसवण्याच्या कड्या नव्याने घडवल्या जातात. आवाज कमी करण्यासाठी काही कॅमेऱ्यांत धातूऐवजी तंतुमय संयुगाचे गिअर वापरले जात. ते झिजले की त्यांच्या दातांचे माप घेऊन नवे कापावे लागतात. त्रिमितीय मुद्रणाने झाकणे, मुठी व नियंत्रकाच्या पेट्या सहज बनतात. परंतु फिल्म ज्या मार्गाने सरकते तेथे मुद्रित प्लास्टिकचा खडबडीत पृष्ठभाग फिल्मवर ओरखडे पाडतो. तेथे गुळगुळीत घासलेला धातूच वापरला जातो.

भिंगाची कडी बदलण्यात सर्वाधिक अचूकता लागते. आजच्या चित्रपट भिंगांसाठी रूढ असलेल्या पीएल कडीत कडीच्या पृष्ठभागापासून फिल्मपर्यंतचे अंतर ५२.०० मिलिमीटर असावे लागते. यात मिलिमीटरच्या काही शतांश भागांचा फरक पडला, तरी मोठ्या छिद्राने व विस्तृत कोनाच्या भिंगाने घेतलेले चित्र अस्पष्ट होते.

## चाचणी

रूपांतरित कॅमेऱ्यात प्रथम टाकाऊ फिल्म चालवून ओरखडे तपासले जातात. चित्राची स्थिरता पाहण्यासाठी चौकटींचा तक्ता एकदा चित्रित करून फिल्म मागे घेतात व किंचित सरकवलेला तोच तक्ता तिच्यावर पुन्हा चित्रित करतात. प्रक्षेपणात दोन तक्त्यांच्या रेषा एकमेकींच्या संदर्भात हलल्या, तर यंत्रणा फिल्म अचूक जागी धरत नाही असे समजते. वेग तपासण्यासाठी स्फटिकनियंत्रित लुकलुकणारा दिवा शटरमागून पाहतात. त्यातील पट्टा स्थिर दिसल्यास वेग अचूक असतो आणि सरकताना दिसल्यास चुकलेला असतो.

## उल्लेखनीय रूपांतरे

* बॅरी लिंडन (१९७५): मेणबत्त्यांच्या प्रकाशातील दृश्यांसाठी दिग्दर्शक स्टॅन्ली क्युब्रिक यांनी झाइस कंपनीचे ५० मिलिमीटरचे, एफ/०.७ छिद्राचे भिंग वापरले. या भिंगाचा मागील भाग फिल्मच्या अत्यंत जवळ येत असल्याने एड डिज्युलिओ यांनी मिचेल बीएनसी कॅमेऱ्यात मोठे बदल केले. त्यानंतर तो कॅमेरा इतर भिंगांसाठी उपयोगाचा राहिला नाही.
* डायक्स्ट्राफ्लेक्स: स्टार वॉर्स (१९७७) या चित्रपटासाठी जॉन डायक्स्ट्रा व सहकाऱ्यांनी ही यंत्रणा उभारली. तिच्यात १९५०च्या दशकातील व्हिस्टाव्हिजन पद्धतीचा, म्हणजे आडव्या सरकणाऱ्या आठ छिद्रांच्या फ्रेमचा कॅमेरा वापरला गेला. कॅमेऱ्याच्या हालचाली स्टेपर मोटरींनी नियंत्रित असल्याने तीच हालचाल तंतोतंत पुन्हा करता येत असे. प्रचारातून गेलेली कॅमेरापद्धत नव्या मोटरींमुळे पुन्हा उपयोगात आल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

## महाराष्ट्रातील संदर्भ

दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. रोपाच्या वाढीचा लघुपट व राजा हरिश्चंद्र (१९१३) हे हँडलच्या कॅमेऱ्यावरील चित्रीकरणाचे भारतातील आरंभीचे नमुने होत. राजा हरिश्चंद्रचे छायाचित्रण त्र्यंबक तेलंग यांनी केले. कोल्हापुरात आनंदराव व बाबूराव पेंटर यांनी स्वतःचा कॅमेरा घडवण्याचा प्रयत्न सुरू केला. आनंदरावांच्या निधनानंतर बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास तो पूर्णत्वास नेला. परदेशी यंत्राची रचना समजून घेऊन तिचे भाग स्थानिक साधनांनी तयार करण्याच्या या प्रयत्नातून महाराष्ट्र फिल्म कंपनीची चित्रपटनिर्मिती उभी राहिली. दामले पुढे प्रभात फिल्म कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले. प्रभातच्या पुण्यातील जागेवर १९६० मध्ये आजच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची स्थापना झाली.

## जतन व मतभेद

रूपांतरामुळे कॅमेरा वापरात राहतो. परंतु त्यासाठी मूळ आवरणास छिद्रे पाडणे, मूळ गिअर काढून टाकणे किंवा कडी कापणे असे कायमस्वरूपी बदल करावे लागू शकतात. संग्राहक व संग्रहालये कॅमेऱ्याकडे ऐतिहासिक वस्तू म्हणून पाहतात. तिच्या झिजेच्या खुणांतूनही ती कशी वापरली गेली हे कळत असल्याने बदल टाळावेत, अशी त्यांची भूमिका असते. छायाचित्रकारांच्या दृष्टीने न चालणारा कॅमेरा आपले कार्यच गमावून बसतो. शिवाय दीर्घकाळ बंद राहिलेल्या यंत्रातील वंगण गोठते.

या दोन भूमिकांमधील मार्ग म्हणून उलटवता येण्याजोगे रूपांतर स्वीकारले जाते. त्यात उत्पादकाने ठेवलेली आटे पाडलेली छिद्रे व मोटरच्या मूळ जोडण्याच वापरल्या जातात, काढलेले भाग कॅमेऱ्यासोबत जपून ठेवले जातात आणि केलेल्या बदलांची आकृतीसह नोंद ठेवली जाते. बोलेक्स व सोव्हिएत बनावटीच्या कोनवास यांसारख्या कॅमेऱ्यांना बाहेरून मोटर जोडता येत असल्याने तेथे हे तत्त्व पाळणे सोपे जाते. नोंदीचा दुसराही उपयोग असतो. एखादी मोटर घडवणारा कारागीर निवृत्त झाल्यावर तिचा परिपथ व मापे उपलब्ध नसतील, तर पुढील दुरुस्ती करणाऱ्यास सर्व शोध नव्याने घ्यावा लागतो. मूळ उत्पादकांच्या बाबतीत उद्भवलेली अडचण अशा वेळी रूपांतरित कॅमेऱ्याच्या बाबतीतही पुन्हा उभी राहते.

## हेही पहा

* चित्रपट कॅमेरा
* समकालिक मोटर
* स्टेपर मोटर
* दादासाहेब फाळके
* बाबूराव पेंटर
* प्रभात फिल्म कंपनी